वक्ररेषेची साक्ष

पाऊस उणे पडत नाही. पाणी आकाशातून येतं किंवा येत नाही. शून्याच्या खाली त्याला जागा नाही. तरीही संगणकावरच्या आलेखात उणे पाऊस पाडणं अगदी सोपं आहे. समजा, एखाद्या गावातल्या पाच दिवसांच्या पावसाच्या नोंदी अशा आहेत : पहिले दोन दिवस कोरडे, तिसऱ्या दिवशी १०० मिलिमीटर, पुढचे दोन दिवस पुन्हा कोरडे. हे पाच बिंदू ‘डी-थ्री’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीला दिले आणि ते जोडायला तिच्यातली ‘नॅचरल’ नावाची वक्ररेषा निवडली, तर पाचही बिंदूंमधून जाणारी, कुठेही न मोडणारी सुरेख लाट पडद्यावर उमटते. मात्र पहिल्या आणि दुसऱ्या कोरड्या दिवसाच्या दरम्यान ही लाट शून्याच्या अक्षाखाली उतरते, उणे साडेसोळा मिलिमीटरपर्यंत जाते आणि मग वर येते. नोंदी खऱ्या, गणित बिनचूक, कोडही बरोबर. चुकली ती रेषेची निवड. आलेखातली वक्ररेषा ही सजावट नव्हे. दोन नोंदींच्या मधल्या, कुणीच न मोजलेल्या वेळेत काय घडलं याविषयीचं ते विधान असतं, आणि विधान करणाऱ्याला त्याचं उत्तरदायित्व टाळता येत नाही. एवढा एकच मुद्दा या लेखात मांडायचा आहे.

डी-थ्रीचं नाव सर्वसामान्य वाचकाला ठाऊक नसलं तरी तिचं काम त्याने पाहिलेलं असतं. माइक बोस्टॉक, वादिम ओगिएवेत्स्की आणि जेफ्री हीर यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात ती घडवली आणि २०११मध्ये जगापुढे ठेवली. बोस्टॉक पुढे ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये गेले आणि वृत्तपत्रांच्या वेबसाइटवरचे हलते-बोलते आलेख या लायब्ररीच्या जोरावर घडू लागले. स्प्रेडशीटमध्ये आपण तयार प्रकारांतून एक आलेख उचलतो; डी-थ्री तसा तयार आलेख देत नाही, आलेखाचे सुटे भाग देते. रेघ काढायची तर ती प्रत्यक्षात ब्राउझरसाठी एक मजकूर लिहून देते. एसव्हीजी या चित्रभाषेतल्या त्या मजकुरात मोजकीच अक्षरं असतात : ‘एम’ म्हणजे पेन इथे टेकव, ‘एल’ म्हणजे तिथपर्यंत सरळ रेघ मार, ‘सी’ म्हणजे वळणदार रेघ मार, ‘ए’ म्हणजे वर्तुळाचा किंवा लंबवर्तुळाचा कंस काढ. ‘सी’बरोबर तीन बिंदू द्यावे लागतात. शेवटचा रेघ जिथे पोचायची तो, आणि आधीचे दोन रेघेला आपल्याकडे ओढणारे नियंत्रक बिंदू. आपल्या नोंदींमध्ये हे नियंत्रक बिंदू कुठेच नसतात. ते डी-थ्री काढते, आणि कोणत्या रीतीने काढायचे हे प्रोग्रॅमर एका शब्दात सांगतो. काहीच सांगितलं नाही, तर लायब्ररी बिंदू सरळ रेघांनी जोडते. म्हणजे बिंदू जोडणारी रेघ वळली असेल, तर ती कुणीतरी वळवलेली असते.

या वक्ररेषा मुळात आलेखांसाठी जन्मल्याच नव्हत्या. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९च्या सुमारास मोटारीच्या पत्र्याचे आकार गणितात बसवण्याची रीत शोधली. कंपनीने ती बराच काळ गुपित ठेवली. प्रतिस्पर्धी रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात त्याच प्रकारची रीत स्वतंत्रपणे विकसित करून प्रसिद्ध केली, म्हणून आज ‘सी’ या अक्षरामागची रेघ बेझिए वक्र म्हणून ओळखली जाते. ‘नॅचरल’ वक्राचं मूळ आणखी जुनं. जहाजाच्या सांगाड्याचा आकार आखताना कारागीर एक लवचीक लाकडी पट्टी वजनांनी ठरावीक जागी दाबून धरत; मधल्या भागात पट्टी आपोआप कमीत कमी वाकून स्थिरावते. त्या पट्टीला स्प्लाइन म्हणत, आणि आयझॅक शोनबर्ग यांनी १९४६मध्ये तेच नाव गणितातल्या वक्रांना दिलं. मोटार असो की जहाज, तिथे रेघ आधी येते आणि वस्तू तिच्यानुसार घडते. रेघ डौलदार, सलग असणं हीच तिची कसोटी, कारण ती कशाची नक्कल करत नसते. आलेखात हा क्रम उलटा आहे. वस्तुस्थिती आधी घडलेली असते आणि रेघ मागून येऊन तिच्याविषयी सांगते. कारखान्यातला गुण इथे दोष ठरू शकतो तो यामुळे. कमीत कमी वाकायचं एवढंच पट्टीला कळतं. शून्याखाली पाऊस नसतो हे तिला कोण सांगणार?

पुन्हा त्याच पाच नोंदी घेऊन डी-थ्रीतले वेगवेगळे वक्र एकेक करून तपासले की फरक आकड्यांत दिसतो. ‘कार्डिनल’ वक्राचा ताण मूळच्या शून्यावर ठेवला, तर तोही कोरड्या दिवसांमध्ये अक्षाखाली जातो, पण उणे ७.४ मिलिमीटरपर्यंतच. ‘बेसिस’ नावाचा वक्र कधीच उणे होत नाही, म्हणून तो सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात तो अधिक मोठी मोडतोड करतो. दोन टोकं सोडली तर तो नोंदींच्या बिंदूंमधून जायला बांधलेला नाही. समान अंतरावरच्या नोंदींसाठी तो प्रत्येक बिंदूपाशी आधीच्या नोंदीचा एक भाग, त्या नोंदीचे चार भाग आणि नंतरच्या नोंदीचा एक भाग असं मिश्रण करून सहाने भागतो. त्यामुळे आपल्या गावातला १०० मिलिमीटर पाऊस आलेखात ६६.७ मिलिमीटर होतो, आणि आदल्या-नंतरच्या कोरड्या दिवशी १६.७ मिलिमीटर पाऊस पडल्यासारखा दिसतो. ‘मोनोटोन-एक्स’ हा वक्र मात्र सगळ्या बिंदूंमधून जातो, शंभराच्या वर किंवा शून्याच्या खाली कुठेच जात नाही आणि कोरडे दिवस सपाट ठेवतो. दोन नोंदींच्या मधे नवं शिखर किंवा नवी दरी तयार करायची नाही, हा नियमच त्याच्या घडणीत आहे. फ्रिच आणि कार्लसन यांनी १९८०मध्ये अशा वक्राची एक रीत मांडली. डी-थ्री आज वापरते ती स्टेफन यांची १९९०ची रीत, खगोलशास्त्राच्या नियतकालिकात छापलेली. नोंदी त्याच, लायब्ररी तीच, आणि बदललेल्या एका शब्दामुळे पावसाच्या चार वेगळ्या हकिगती.

‘मोनोटोन-एक्स’ निवडला म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. हवामान खात्याची रोजच्या पावसाची नोंद ही सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांची बेरीज असते. २६ जुलै २००५चा मुंबईतल्या सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर हा आकडा कोणत्याही एका क्षणाचा नाही. पूर्ण दिवसाचा आहे, आणि त्या दिवसातही पावसाचा मोठा भाग दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. असा आकडा बिंदू म्हणून मांडून शेजारच्या दिवसांना कोणत्याही रेघेने जोडला, की पाऊस हळूहळू वाढत शिखरावर गेला आणि तसाच ओसरला असं चित्र तयार होतं. वक्राने ते चित्र अधिक पटण्याजोगं होतं, एवढंच. बेरजेला स्तंभ शोभतात किंवा पायऱ्यांची रेघ. डी-थ्रीत ‘स्टेप’ घराण्याचे वक्र आहेत ते याच कामासाठी. नकाशावरही हीच अडचण येते. त्याच दिवशी सांताक्रूझपासून पंचवीस किलोमीटरच्या आत असलेल्या कुलाब्यात पाऊस होता जेमतेम ७३ मिलिमीटर. या दोन केंद्रांमध्ये समपर्जन्य रेषा गुळगुळीत वळणांनी आखल्या, तर मधल्या प्रत्येक उपनगराला एक ठाम आकडा मिळतो. तो आकडा तिथल्या कुठल्याही पर्जन्यमापकाने दिलेला नसतो, रेषांच्या सूत्राने दिलेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, मग सरळ रेघ तरी कुठे निर्दोष आहे? तीही मधल्या वेळेविषयी बोलतेच. आक्षेप रास्त आहे, आणि त्याला पुरावा मुंबईतच मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरात सापडतो. २२ मे २०२० रोजी हा दर ४ टक्क्यांवर आणला गेला आणि ४ मे २०२२ रोजी तो ४.४० टक्के झाला. फक्त बदलाच्या तारखांचे बिंदू घेऊन ते सरळ रेघेने जोडले, तर मे २०२१च्या मध्यावर रेघ ४.२० टक्के दाखवते. प्रत्यक्षात त्या दोन वर्षांत दर एका पैशानेही हलला नव्हता. कर्ज घेणाऱ्याने तो आलेख पाहिला तर व्याज सावकाश चढत गेलं असा त्याचा समज होईल. इथे खरं बोलते ती ‘स्टेप-आफ्टर’ ही रेघ : पुढची तारीख येईपर्यंत आडवी, आणि त्या तारखेला एकदम उभी. तेव्हा सरळ रेघ प्रामाणिक आणि वळणदार रेघ लबाड अशी वाटणी करता येत नाही. मोजलेली गोष्ट दोन नोंदींच्या मधे कशी वागते आणि रेघ तिच्यासारखी वागते का, हीच कसोटी. तरी सरळ रेघेची एक बाजू मान्य करावी लागते. ती प्रत्येक नोंदीपाशी कोपरा करून वळते, त्यामुळे मोजमाप कुठे झालं आणि जोडकाम कुठे आहे हे डोळ्याला कळतं. वक्ररेषा हे सांधे पुसून टाकते. सांधे पुसायचे असतील, तर मग कारणही तितकंच भक्कम हवं.

असं भक्कम कारण पुष्कळदा असतं. समुद्राची भरती-ओहोटी हे त्याचं उत्तम उदाहरण. भरतीच्या वेळापत्रकात साधारणपणे भरती आणि ओहोटीच्या वेळा आणि त्या वेळची पाण्याची उंची एवढंच असतं. मुंबईच्या किनाऱ्यावर हे टप्पे साधारण सव्वासहा तासांनी येतात. हे बिंदू सरळ रेघांनी जोडले, तर ओहोटी संपताक्षणी पाणी एकाच वेगाने चढू लागतं आणि भरतीच्या क्षणी झटक्यात उलटं फिरतं असं दिसतं. कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला हे हास्यास्पद वाटेल. टोकांपाशी पाणी रेंगाळतं, मधल्या तासांत झपाट्याने चढतं. दर्यावर्दी ढोबळ हिशेब करतात तोही असाच : सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक बारांश चढतं. गणितात ही चाल कोसाइन वक्राच्या जवळ जाते. आणि ‘मोनोटोन-एक्स’ हा वक्र प्रत्येक मधल्या शिखरापाशी आणि तळापाशी सपाट होत असल्यामुळे त्या कोसाइनपासून एकूण चढ-उताराच्या जेमतेम एक टक्का इतकाच ढळतो. चार मीटरच्या उधाणाच्या भरतीत ही चूक चारेक सेंटिमीटरची. पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की मुंबईत पाणी तुंबण्याची धास्ती असते. अशा वेळी पाणी किती वाजता कोणती पातळी ओलांडेल हे वाचायचं असेल, तर वक्ररेषाच खरी आणि सरळ रेघ खोटी. फरक इतकाच की इथे वळणाला पाण्याच्या हालचालीची साक्ष आहे, चित्रकाराच्या आवडीची नाही.

दुसरा आक्षेप वृत्तसंपादकांचा असतो. वाचकाला रोजचे चढउतार नको असतात, कल हवा असतो. दातेरी रेघ त्याला गोंधळात टाकते, मग ती जरा गुळगुळीत केली तर बिघडलं काय? कल दाखवण्याला कुणाचीच हरकत नसावी. पण कल काढणं ही संख्याशास्त्राची क्रिया आहे आणि रेघ वळवणं ही आरेखनाची. पहिलीला नाव असतं, मापदंड असतो, तो वाचकाला सांगता येतो. करोनाच्या काळात रुग्णसंख्येचे आलेख सात दिवसांच्या सरासरीने दाखवले जात, कारण सुटीच्या दिवशी नोंदी कमी होत आणि नंतर एकदम वाढत. ‘सात दिवसांची सरासरी’ हे शब्द आलेखावर छापलेले असल्यामुळे काय केलं आहे हे वाचकाला कळत होतं, आणि मागे फिकट रंगात रोजचे आकडे दिसले की त्याला ताडूनही पाहता येत होतं. ‘बेसिस’ वक्र वापरणारा माणूस नेमकं हेच करतो, फक्त गुपचूप. शंभराचे सदुसष्ट होतात आणि आलेखाखाली त्याविषयी अवाक्षर नसतं. वाचक आकडे बघत नाही, आकार बघतो, असं या आक्षेपात गृहीत धरलेलं आहे. ते खरंच असेल तर आकाराची जबाबदारी वाढते. कमी होत नाही. शिखर किती उंच होतं आणि उतार कधी सुरू झाला, हे दोन निष्कर्ष वाचक आकारावरूनच काढतो, आणि हेच दोन निष्कर्ष निष्काळजी वक्र बदलून टाकतो.

तिसरा आक्षेप सौंदर्याचा, आणि त्याला अर्धा होकार द्यायला हवा. सगळ्या रेघा मूल्य सांगत नाहीत. काही फक्त नातं सांगतात. वंशवृक्षात बापापासून मुलाकडे जाणारी रेघ, कंपनीच्या रचनेत विभागाकडून उपविभागाकडे जाणारी रेघ, यांच्या मध्यबिंदूला काहीच अर्थ नाही. तिथे वळण हा निव्वळ फायदा : एकमेकींना छेदणाऱ्या रेघांमधूनही डोळा आपली रेघ न सोडता पुढे जातो. क्रमवारीच्या आलेखातही तसंच. पहिल्या क्रमांकावरून चौथ्यावर घसरलेल्या संघाची रेघ ‘बंप-एक्स’ वक्राने वळवली, तर मधे तो संघ अडीचव्या क्रमांकावर होता असं कुणीही समजत नाही. आयरिश अभियंता कॅप्टन सँकी यांनी १८९८मध्ये वाफेच्या इंजिनातली ऊर्जा कुठे कुठे जाते हे कमी-अधिक रुंदीच्या पट्ट्यांनी दाखवलं. डी-थ्रीत आज त्याच नावाने काढल्या जाणाऱ्या आकृतीत पट्टीची रुंदी हे मूल्य असतं आणि वळण ही फक्त वाट. डॅनी होल्टन यांनी २००६मध्ये शेकडो जोडरेघा दोरखंडासारख्या एकत्र वळण्याची रीत दाखवली, तीही ‘बंडल’ वक्राच्या रूपाने या लायब्ररीत आली. तिचा तोटा असा की एका जुडग्यात शिरलेली रेघ नेमकी कुठून आली आणि कुठे गेली हे सांगणं अवघड होतं. थोडक्यात, वळण जिथे मूल्यावर बोट ठेवत नाही तिथे सौंदर्याला मोकळीक आहे. पण सौंदर्याचं कारण पुढे करून मूल्य सांगणाऱ्या रेघेलाही तीच मोकळीक मागितली जाते, तेव्हा नकार द्यावा लागतो.

मूल्य सांगणारे वक्राकार फक्त रेघांतच नसतात, वर्तुळांतही असतात. विल्यम प्लेफेअर यांनी १८०१मध्ये पाय-चार्ट छापला तेव्हापासून कंस हा आलेखाचा कायमचा घटक झाला. डी-थ्रीत कंसाला आतली त्रिज्या, बाहेरची त्रिज्या, सुरुवातीचा कोन आणि शेवटचा कोन द्यायचा. शून्य अंश घड्याळातल्या बाराच्या जागी आणि मोजणी घड्याळाच्या दिशेने, म्हणजे शाळेतल्या भूमितीच्या अगदी उलट. कंस काढणं सोपं आहे, तो वाचणं अवघड. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४मध्ये प्रयोगांनी दाखवलं की समान पट्टीवरची जागा माणूस जितक्या अचूकपणे ताडतो, तितक्या अचूकपणे कोन ताडू शकत नाही. दुसरी चूक त्रिज्येची; ती टाळायची तर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याकडे बघावं. क्रिमियन युद्धातल्या सैनिकांचे मृत्यू दाखवणाऱ्या १८५८च्या आकृतीत त्यांनी मृत्यूंचं प्रमाण पाकळीच्या क्षेत्रफळाला जोडलं, त्रिज्येला नव्हे. मृत्यू दुप्पट तर त्रिज्या सुमारे १.४१ पट, त्रिज्याच दुप्पट केली असती तर पाकळी चौपट दिसली असती. त्यासाठी लागणारी वर्गमुळाची मोजपट्टी डी-थ्रीत तयार मिळते, तरी त्रिज्या थेट मूल्याला बांधलेली चित्रं कमी नाहीत. स्तंभ वर्तुळात वाकवले, तर आणखी एक घोटाळा होतो : समान मूल्याच्या दोन कंसांपैकी दहा सेंटिमीटर त्रिज्येवरचा कंस पाच सेंटिमीटर त्रिज्येवरच्या कंसाच्या दुप्पट लांब असतो, आणि डोळा लांबीलाच भुलतो.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. बातमीला वेळ नसतो, कोड कुठल्यातरी नमुन्यावरून उचललेला असतो, आणि त्या नमुन्यात जो वक्र असेल तोच आपल्या आलेखात येतो. हे वास्तव आहे, पण त्यामुळेच काळजी अधिक हवी. उचललेल्या कोडबरोबर दुसऱ्याच आकड्यांसाठी घेतलेला निर्णयही येतो. तापमानासाठी शोभलेला वक्र लासलगावच्या कांद्याच्या भावाला शोभेलच असं नाही. बाजार समिती सुटीला बंद असते, त्या दिवशी भाव सावकाश सरकत नसतो, तो नसतोच. अशा दिवसांसाठी डी-थ्रीत ‘डिफाइन्ड’ नावाची सोय आहे : नोंद नसेल तिथे रेघ तोडायची. तुटलेली रेघ दिसायला कमी देखणी, पण तिच्यावर विश्वास ठेवता येतो. मराठी वृत्तपत्रं, वृत्तस्थळं आणि शाळा-महाविद्यालयांत आलेख शिकवणारे शिक्षक यांनी चार गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ साधेल. बेरजेला स्तंभ किंवा पायरी द्यावी. मूल्याच्या रेघेला वळण द्यायचं तर मोजलेले बिंदूही दाखवावेत. सरासरी काढली असेल तर तसं छापावं. नोंद नसेल तिथे जागा रिकामी सोडावी. आणि वाचकाने, पुढच्या वेळी एखादी लोभस लाट पडद्यावर दिसली की, तिच्यावर बिंदू आहेत का ते आधी शोधावं. बिंदू नसतील, तर मोजलेलं किती आणि काढलेलं किती, हा प्रश्न विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.